वाच्यार्थाचा आडोसा : एसेन खटला आणि उच्चाराचे कर्तृत्व

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १३ डिसेंबर १९४४ रोजी, जर्मनीतील एसेन शहरात तीन ब्रिटिश वैमानिक जमावाच्या हातून मारले गेले. ते युद्धकैदी होते आणि चौकशीसाठी त्यांना जर्मन हवाईदलाच्या एका ठाण्याकडे नेले जात होते. सोबत लष्करी पहारा होता. बराकीतून निघाल्यावर शहराच्या एका प्रमुख रस्त्याने जात असता भोवतीची गर्दी वाढत गेली, काठ्यादगडांचा मारा सुरू झाला, आणि कोणा अनोळखी जर्मन कॉर्पोरलने पिस्तूल झाडून एकाला डोक्यात जखमी केले. पुलावर पोचल्यावर तिघांनाही कठड्यावरून खाली फेकण्यात आले. एक जण पडल्यानेच मेला. उरलेल्या दोघांचा प्राण पुलावरून झाडलेल्या गोळ्यांनी आणि लोकांच्या लाथाबुक्क्यांनी गेला.

वर्षभराने, १८ ते २२ डिसेंबर १९४५ या काळात, त्याच शहरात ब्रिटिश लष्करी न्यायालयासमोर सात जणांवर खटला चालला. त्यात एक अधिकारी, एक साधा सैनिक आणि पाच नागरिक होते. मारहाण, गोळीबार, पुलावरून ढकलणे या कृती दृश्य होत्या. त्या कोणी केल्या एवढेच सिद्ध करायचे होते. कॅप्टन एरिश हायर या अधिकाऱ्याची गोष्ट मात्र निराळी होती. त्याच्यावरचा आरोप उभा होता तो शब्दांवर. कैद्यांना घेऊन पहारा निघत असताना त्याने पहाऱ्याला आज्ञा दिली, की नागरिकांनी कैद्यांना त्रास दिला तर मध्ये पडू नये. या कैद्यांना गोळ्या घातल्या पाहिजेत किंवा घातल्या जातील, अशा आशयाचे काही तो बोलला, असेही अभियोगपक्षाचे म्हणणे होते. हे सारे तो बराकीच्या पायऱ्यांवरून, जमलेल्या गर्दीला स्पष्ट ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात बोलला. न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. नागरिकांपैकी एकाला फाशी, एकाला जन्मठेप आणि एकाला दहा वर्षांचा कारावास झाला. दोघे निर्दोष सुटले. पहाऱ्यावरच्या सैनिकाला पाच वर्षांची शिक्षा झाली.

युद्धगुन्ह्यांच्या अफाट इतिहासात हा खटला लहानच. परंतु अर्थ कोठे असतो आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, या प्रश्नाने ज्यांना साहित्यविचाराच्या प्रांतात व्यापले आहे, त्यांना तो सहज ओलांडून पुढे जाता येणार नाही. येथे एका वाक्याच्या अर्थावर एका माणसाचा जीव टांगलेला होता, आणि त्याच वाक्याच्या अर्थाने तीन माणसांचा जीव आधीच घेतलेला होता.

हायरच्या आज्ञेचे व्याकरण प्रथम लक्षात घ्यावे लागते. ‘मध्ये पडू नका’ हे निषेधवाक्य आहे, आणि ते पहाऱ्याला उद्देशून आहे. त्यात कोणाला काही करायला सांगितलेले नाही. न करायला सांगितले आहे. ‘गोळ्या घातल्या जातील’ या वाक्यात क्रिया आहे, कर्म आहे, पण कर्ता नाही. कोण घालणार, हे वाक्य सांगत नाही. ‘मारा’ हे आज्ञार्थी रूप कोठेही उच्चारले गेलेले नाही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाविषयी जी आख्यायिका मराठी भाषेत ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराच्या रूपाने टिकून आहे, तिच्यात निदान एक अक्षर तरी बदलावे लागले होते. ‘धरावे’ या शब्दाने काम भागत नव्हते. ‘मारावे’ असे लिहावे लागले, आणि म्हणून पुरावाही मागे राहिला. एसेनमध्ये अक्षर बदलण्याचीही गरज पडली नाही. ‘ध’ जागेवरच राहिला आणि ‘मा’ ऐकू आला.

ही वाक्यरचना एकट्या हायरची नव्हती. राज्ययंत्रणेनेच ती घडवलेली होती. १० ऑगस्ट १९४३ रोजी हिमलरने काढलेल्या आदेशाचा आशय असा, की उडी मारून उतरलेले शत्रूचे वैमानिक आणि जर्मन नागरिक यांच्यातील संघर्षात हस्तक्षेप करणे हे पोलिसांचे काम नाही. ३० मे १९४४ चे बोरमानचे परिपत्रक तर याहून बोलके आहे. संतप्त लोकांनी वैमानिकांना जागच्या जागी ठार केल्याच्या घटना घडल्या आहेत आणि त्यांत सामील झालेल्या नागरिकांवर पोलिसी वा फौजदारी कारवाई झालेली नाही, एवढेच ते नोंदवते. वाक्ये भूतकालवाचक आहेत, वृत्तान्ताची आहेत; एकही विध्यर्थी क्रियापद त्यांत नाही. खालच्या स्तरावरील पक्षप्रमुखांना हा मजकूर केवळ तोंडी कळवावा, अशी सूचना मात्र त्यासोबत होती. साधा वृत्तान्त लेखी का पोचू नये, हा प्रश्न विचारला की तो वृत्तान्त नव्हता हे उघड होते. बर्लिनमधील परिपत्रकापासून एसेनच्या पायऱ्यांपर्यंत एकच वाक्यप्रकार खाली उतरत आलेला दिसतो : बोलणाऱ्याला पुढे नाकारता येईल आणि ऐकणाऱ्याला मात्र तत्काळ कळेल असा.

या वाक्यप्रकाराचे विश्लेषण करण्यासाठी जे. एल. ऑस्टिनच्या भाषिक कृतींच्या सिद्धान्ताकडे जाता येते. बोलणे हीच एक कृती आहे, हे त्याने दाखवून दिल्यापासून ‘नुसते शब्द’ हा बचाव दुबळा झाला आहे. पण वाक्य एकाला उद्देशून बोलायचे आणि त्याचा खरा श्रोता मात्र दुसराच असायचा, या घटनेचा सूक्ष्म विचार भारतीय काव्यशास्त्राने एक सहस्रकाआधी करून ठेवला आहे. आनंदवर्धनाने ध्वनीची स्थापना करताना घेतलेली प्रारंभीची उदाहरणे गाथासप्तशतीतील आहेत. एका गाथेत स्त्री एका धार्मिकाला गोदेकाठी निर्धास्त फिरायला सांगते. ज्या कुत्र्याला तो भीत होता त्याला तेथल्या कुंजातील सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ विधीचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. दुसऱ्या गाथेत स्त्री वाटसरूला सासू कोठे झोपते आणि आपण कोठे झोपतो ते दाखवते व रात्री आपल्या अंथरुणावर येऊन पडू नकोस असे बजावते. वाच्यार्थ निषेधाचा, व्यंग्यार्थ निमंत्रणाचा. हायरची आज्ञा या दुसऱ्या गाथेच्या जातीची आहे. तिच्यात पहाऱ्याला निषेध आहे आणि गर्दीला मोकळीक.

काव्यातील चातुर्याशी हत्येची तुलना करणे कोणाला औचित्यभंग वाटेल. परंतु आनंदवर्धनाने ही उदाहरणे वस्तुध्वनीची म्हणून दिली आहेत, रसध्वनीची म्हणून नव्हे. एका वाक्यातून दुसरा व्यवहार सूचित होणे ही शक्ती भाषेचीच आहे. कवी तिचा एका प्रकारे उपयोग करतो आणि कॅप्टन दुसऱ्या प्रकारे. मम्मटाने व्यंजनेला साहाय्यभूत होणाऱ्या गोष्टींची जी गणना केली आहे, तिच्यात वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलायचे तो, काकू म्हणजे आवाजाचा विशिष्ट हेल, प्रस्ताव, देश, काल यांच्याबरोबर ‘अन्यसंनिधी’ हाही घटक आहे. वक्ता आणि बोद्धव्य यांच्याखेरीज तिसऱ्याची उपस्थिती, हा अर्थाचा एक घटक आहे. गाथेतील सासू ही ती तिसरी व्यक्ती. तिला केवळ वाच्यार्थ कळावा अशी योजना आहे. एसेनमध्ये ही योजना उलटी झालेली आहे. पहारेकऱ्याला वाच्यार्थ मिळतो आणि तिसऱ्याला, म्हणजे गर्दीला, व्यंग्यार्थ. मम्मटाची यादी समोर ठेवून खटल्यातील पुरावा वाचला, तर अभियोगपक्षाने सिद्ध केले ते नेमके हेच घटक होते असे दिसते. आवाज मोठा होता. बोलण्याची जागा बराकीच्या पायऱ्या होती. गर्दी ऐकण्याच्या अंतरावर होती. आणि काळ तर असा, की आदल्याच रात्री, १२ डिसेंबरला, ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे ५४० विमानांनी एसेनवर हल्ला चढवला होता. पहाऱ्यातील मोजक्या सैनिकांना आज्ञा देण्यासाठी एवढा आवाज लागत नाही. त्या आवाजात जे जास्तीचे होते, ते गर्दीसाठी होते.

येथे साहित्यविचारापुढे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. रोलां बार्थ यांच्या लेखकाच्या मृत्यूविषयीच्या प्रसिद्ध निबंधानंतरच्या काही दशकांत समीक्षेने असे मानण्याकडे कल दाखवला, की संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत नसून वाचनाच्या क्रियेत घडतो. साहित्यकृतीच्या संदर्भात या भूमिकेने पुष्कळ काही दिले आहे. पण ती जशीच्या तशी एसेनच्या पायऱ्यांवर नेली तर हायर निर्दोष ठरतो. अर्थ गर्दीने घडवला; वक्त्याने केवळ एक निषेधवाक्य उच्चारले. वाच्यार्थाच्या आडोशाला उभ्या असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला हवा असतो तो हाच सिद्धान्त. याउलट, अर्थ म्हणजे वक्त्याचा मनोगत हेतू, अशी जुनी भूमिका घेतली तरी मार्ग निघत नाही. त्या क्षणी हायरच्या मनात काय होते, हे कोणत्याही न्यायालयाला पाहता येणे शक्य नव्हते.

या दोन टोकांमधून वाट काढायला महिमभट्टाचा आक्षेप उपयोगी पडतो. व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही, जिला ध्वनी म्हणतात ते अनुमानच आहे, असे त्याने ‘व्यक्तिविवेका’त प्रतिपादन केले. काव्याच्या क्षेत्रात हे मत मागे पडले, कारण आस्वाद हा अनुमानाचा व्यापार नाही. न्यायालयात मात्र महिमभट्टच खरा ठरतो. न्यायाधीशाला सहृदय असून चालत नाही. त्याला हेतू आणि व्याप्ती दाखवाव्या लागतात. येथे व्याप्ती कोठून येते? ती बोरमानच्या परिपत्रकाने निर्देशिलेल्या वास्तवातून येते. चिडलेल्या गर्दीच्या हाती वैमानिक सापडला आणि सत्तेने पाठ फिरवली, की तो मारला जातो, हे १९४४ च्या जर्मनीत वारंवार घडून ज्ञात झालेले होते. अशा स्थितीत ‘मध्ये पडू नका’ या वाक्यावरून परिणामाचे अनुमान करायला हायरच्या मनात शिरण्याची गरज उरत नाही. त्याने आवाज निवडला, जागा निवडली, श्रोते ओळखले. या निवडी सार्वजनिक होत्या. तेव्हा वक्ता हा अर्थाचा स्वामी नसेलही. पण उच्चाराचा तो कर्ता असतोच. स्वामित्व गेले म्हणजे कर्तृत्व गेले, असा जो निष्कर्ष नकळत काढला जातो, तो या खटल्याच्या उजेडात टिकत नाही.

कर्तृत्वाचा हा विचार वक्त्यापाशी थांबत नाही. पहारेकरी सैनिक हा वाक्याचा अधिकृत बोद्धव्य होता, आणि त्याने वाक्याचे अक्षरशः पालन केले. वरिष्ठाची आज्ञा हे त्याच्या बाजूचे स्वाभाविक समर्थन. त्याला झालेली शिक्षा इतरांच्या मानाने सौम्य आहे. पण शिक्षा आहे. २७ जुलै १९२९ च्या जिनीव्हा कराराच्या दुसऱ्या कलमानुसार युद्धकैद्यांना हिंसेपासून, अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही संरक्षण द्यावयाचे होते. पहारा म्हणजे कैदी पळू नये एवढेच नव्हे, तर कैद्याला कोणी हात लावू नये हेही. ज्याच्यावर रक्षणाचे कर्तव्य आहे त्याचे स्तब्ध उभे राहणे हे अर्थशून्य राहत नाही. गर्दीने वाक्य ऐकले होते. त्या वाक्याचा व्यंग्यार्थ खरा आहे याची खात्री तिला पहारेकऱ्याच्या निश्चलतेने पटली असली पाहिजे. पहिला दगड पडला आणि संगीन हलली नाही, त्या क्षणी सूचनेचे रूपांतर परवान्यात झाले.

आणि गर्दी? तिच्या दुःखाची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. क्रुपच्या कारखान्यांचे हे शहर मार्च १९४३ पासून पुन्हापुन्हा जळत होते, आणि विमानांतून पडणारे बाँब कारखाना व घर यांत भेद करीत नव्हते. जेत्यांच्या न्यायालयात या बाँबफेकीचा हिशेब झाला नाही, ही त्या न्यायालयाची मर्यादा आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. तथापि गर्दीचा शोक खरा असणे आणि गर्दी निर्दोष असणे या भिन्न गोष्टी आहेत. सूचित अर्थ श्रोत्यावाचून पूर्ण होत नाही, असे ध्वनिसिद्धान्त सांगतो. हे खरे असेल तर श्रोता हा अर्थाचा केवळ ग्राहक नसून सहकर्ता आहे. रस्त्यावर असलेल्या शेकडो कानांवर एकच वाक्य पडले किंवा त्याची वार्ता पोचली. दगड उचलला तो काहींनीच. प्रत्यक्ष मारहाणीत भाग घेतल्याचे ज्यांच्याबाबत सिद्ध झाले नाही, त्या दोघांना न्यायालयाने सोडले. म्हणजे व्यंग्यार्थ समजणे हा गुन्हा ठरला नाही. त्याला हातांनी देह देणे हा गुन्हा ठरला. कायद्याला हीच रेषा आखणे भाग होते. नीतीचा प्रश्न मात्र या रेषेच्या अलीकडेही उरतो, कारण ज्यांना अर्थ कळला आणि जे पाहत उभे राहिले, त्यांच्याविषयी निकालपत्रात काही असूच शकत नाही.

इथपर्यंतचा युक्तिवाद मान्य केल्यास एक धोका ओढवतो. व्यंग्यार्थासाठी शिक्षा देता येते, हे तत्त्व सत्तेच्या हाती पडले तर लेखकाचे काय होते, याचा अनुभव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा वाद शब्दांच्या अर्थाचा आणि सूचनेचाच होता. टिळकांनी सरकारी भाषांतरांना आव्हान दिले. मराठी शब्दांच्या छटा ज्यूरीपुढे उलगडून दाखवण्याचा प्रयत्न केला. सात युरोपीय आणि दोन पारशी अशा त्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेथेही सत्तेचे म्हणणे हेच होते, की वाच्यार्थ निरुपद्रवी दिसला तरी व्यंग्यार्थ हिंसेला चेतवतो. मग एसेनचा निकाल न्याय्य आणि मुंबईचा अन्याय्य, हे कोणत्या कसोटीवर म्हणायचे?

कसोटी अर्थाच्या स्वरूपात सापडणार नाही; ती उच्चाराच्या परिस्थितीत शोधावी लागते. पहिली गोष्ट सत्तेच्या दिशेची. टिळक ज्याच्याविषयी लिहीत होते ते साम्राज्य सशस्त्र होते, उत्तर देण्यास समर्थ होते आणि त्याने उत्तर दिलेही. हायर ज्यांच्याविषयी बोलत होता ते तीन जण निःशस्त्र होते, त्याच्याच ताब्यात होते, आणि त्यांच्या रक्षणाचे कर्तव्य त्याच्याकडेच होते. दुसरी गोष्ट अवकाशाची. छापलेला लेख वाचकाला विचार करायला, मतभेद व्यक्त करायला, कागद बाजूला ठेवायला अवसर देतो. पायऱ्यांवरून उच्चारलेल्या वाक्यात आणि पुलावरच्या मृत्यूत एका रस्त्याचे अंतर होते. तिसरी गोष्ट अर्थाच्या स्वीकाराची. संपादक म्हणून टिळकांनी आपल्या लेखांचे उत्तरदायित्व नाकारले नाही. वाद घातला तो त्यांच्या अर्थाविषयी, आणि तो उघडपणे. हायरच्या वाक्याची घडणच अशी होती, की वेळ आली तर त्याच्या सूचित अर्थाशी बोलणाऱ्याचा काही संबंध उरू नये. अनेकार्थता काव्यात वाचकाचे स्वातंत्र्य वाढवते. सत्तेच्या भाषेत तीच अनेकार्थता बोलणाऱ्याचे उत्तरदायित्व घटवते. दोन्हींमध्ये भाषेची शक्ती एकच आहे. भेद आहे तो ती शक्ती कोणाच्या पदरात काय टाकते याचा.

आरोपपत्राच्या शब्दयोजनेकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. सातही जणांवरचा आरोप तीन कैद्यांच्या हत्येत ‘संबंधित’ असल्याचा होता. हा शब्द ढिला आहे, अशी तक्रार करता येईल. परंतु अर्थ ज्या परिस्थितीत वक्ता, बोद्धव्य आणि अन्य श्रोते यांच्यामध्ये वाटून घडतो, तिचे वर्णन करायला ‘संबंध’ यापेक्षा नेमका शब्द सापडणे कठीण. बोलणारा, न बोलणारा आणि मारणारा हे तिघे एकाच संबंधाने बांधलेले होते. न्यायालयाने शिक्षेचे प्रमाण मात्र प्रत्येकाच्या वाट्यानुसार वेगळे ठेवले. सर्वांत मोठ्या शिक्षेत, प्रत्यक्ष हात चालवणाऱ्या एका नागरिकाच्या बरोबरीने, हात न चालवणारा वक्ता होता. १४ जून १९४५ च्या राजाज्ञेनुसार चालणारी ही ब्रिटिश लष्करी न्यायालये सामान्यतः कारणमीमांसा लिहीत नसत. त्यामुळे या निकालाचा तत्त्वार्थही शिक्षांच्या या क्रमावरूनच ताडावा लागतो.

आरोपपत्रातील आणखी एक शब्द उरतो. मारल्या गेलेल्या तिघांचा उल्लेख तेथे ‘अनोळखी’ ब्रिटिश वैमानिक असा आहे. आरोपींची नावे, हुद्दे, त्यांचे शब्द आणि मौन यांची नोंद झाली. ज्यांच्यासाठी खटला उभा राहिला, त्यांचे ना नाव त्यात आहे ना एखादे वाक्य. त्या पायऱ्यांवर हायर जे बोलला ते त्यांनीही ऐकले असणार. भाषा त्यांना परकी होती. वाच्यार्थ कदाचित कळला नसेल. पण मोठा झालेला आवाज, वळलेल्या माना आणि पुढे सरकणारी गर्दी यांवरून व्यंग्यार्थ समजायला जर्मन येण्याची गरज नव्हती.